कोकणात उतरायचं कुठे? फोटो पाहण्याआधी करायची कामं

कोकणात कुठे उतरायचं, हा प्रश्न मला दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात हमखास येतो. मी ट्रॅव्हल एजंट नाही, कुठल्या रिसॉर्टचा भागीदार तर मुळीच नाही. गेली पंधरा-सोळा वर्षं घरच्यांना, सासरच्यांना आणि कधीमधी सोसायटीतल्या मंडळींना घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात जातो, एवढीच माझी पात्रता. विचारणारा आधी तीन-चार फोटो पाठवतो. निळा स्विमिंग पूल, पांढरी चादर, चादरीवर टॉवेलाचा हंस. खाली प्रश्न: ‘हे कसं आहे?’

टॉवेलाच्या हंसावरून मला काही कळत नाही. एकदा मीही फोटोवरच गेलो होतो. टेकडीवरचं रिसॉर्ट, ‘समुद्रकिनारा ३०० मीटर’ असं ठळक लिहिलेलं. अंतर खोटं नव्हतं, फक्त ते कावळ्याच्या हिशोबाने होतं. माणसाला खाली उतरायला जांभ्या दगडाच्या ११४ पायऱ्या होत्या, आणि सोबत आई होती, गुडघे कुरकुरणारी. तिने दोन दिवस समुद्र गॅलरीतून पाहिला आणि दर थोड्या वेळाने ‘छान आहे हो, इथूनच छान दिसतोय’ म्हणत राहिली. त्यानंतर मी फोटो सगळ्यात शेवटी बघतो. पहिल्यांदाच कोकणात निघाला असाल, तर मी ज्या क्रमाने जातो तो असा.

आधी माणसं मोजा

किती जण हे नव्हे, कोण कोण. सत्तरीतली आजी असेल तर तळमजला आणि कमोड, या दोन गोष्टींवर तडजोड नाही. कोकणातल्या जुन्या घरांत राहायची सोय उत्तम असते, पण संडास कधी मागच्या पडवीतून चार पायऱ्या उतरून असतो. रात्री दोनला त्या पायऱ्या दिसतात का, हा प्रश्न हॉटेल ठरवताना कुणाला सुचत नाही, तिथे गेल्यावर पहिल्याच रात्री सुचतो. लहान मूल असेल तर गॅलरीच्या कठड्यातलं अंतर, दूध तापवून मिळण्याची सोय आणि डासांची जाळी. कॉलेजातली पोरं असतील तर खरं म्हणजे काहीच बघायला नको, त्यांना फक्त नेटवर्क लागतं.

आणि एक माणूस हमखास मोजायचा राहतो, तो म्हणजे ड्रायव्हर. गाडी भाड्याने घेऊन जाणार असाल तर त्याची झोपायची, आंघोळीची आणि जेवणाची सोय आहे का, हे ठरवतानाच विचारा. आठ-नऊ तास घाट उतरून आलेला माणूस रात्री गाडीतच, काचा खाली करून, डास मारत पडला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाला कोण घेऊन फिरणार आहे याचा विचार करा. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरसाठी वेगळी खोली असते. नसेल तर त्याच्यासाठी साधी खोली घ्यायची, ते पैसे वाया जात नाहीत.

गाव आधी, हॉटेल नंतर

नवखे लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. ‘कोकणात’ जायचं म्हणजे नक्की कुठे, ते ठरलेलं नसतं आणि हॉटेल मात्र बुक झालेलं असतं. मुरुडचंच घ्या. एक मुरुड रायगड जिल्ह्यात, जंजिऱ्याजवळ. दुसरं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ, कर्दे आणि हर्णैच्या शेजारी. बुकिंग एका मुरुडचं आणि गाडी दुसऱ्या मुरुडला, असं झालेली दोन कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. मध्ये खाड्या आहेत, त्यामुळे ‘जरा पुढे जाऊ’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जिल्हा आणि तालुका वाचल्याशिवाय पैसे पाठवू नका.

खाड्यांचा मुद्दा एकूणच महत्त्वाचा. नकाशावर दोन गावं बोटभर अंतरावर दिसतात, पण मधे खाडी असली की एक तर फेरीबोट नाही तर मोठा वळसा. दापोली आणि गुहागर यांच्यामध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते. जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला आणि आगरदांडा-दिघी अशाच. त्यातून जायला मजा येते, मुलं खूश होतात. पण रात्री बोट बंद होते आणि सुट्टीत गाड्यांची रांग लागते. म्हणून राहायचं एकीकडे आणि रोज बघायला जायचं खाडीपलीकडे, असा बेत करू नका. त्यापेक्षा दोन रात्री इकडे, दोन रात्री तिकडे.

रेल्वेने जाणार असाल तर स्टेशनवरून गाव ठरवा. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, मालवणसाठी कुडाळ किंवा सिंधुदुर्ग. स्टेशनं समुद्राकाठी नाहीत, आत आहेत. खेड ते दापोली तीसेक किलोमीटर, चिपळूण ते गुहागर साधारण पंचेचाळीस. पहाटे उतरलात तर रिक्षा किंवा गाडी कोण पाठवणार, हे हॉटेलवाल्याला आधीच विचारायचं.

गाव ठरलं की गावातली जागा. गुहागरचं उदाहरण देतो, कारण तिथे हे लगेच समजतं. गाव किनाऱ्याला समांतर लांबच लांब पसरलेलं आहे, वरचा पाट आणि खालचा पाट असे त्याचे दोन भाग. मधून रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या बाजूच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं, झाडं संपली की वाळू. म्हणजे त्या बाजूच्या घरात उतरलात तर मागचं दार उघडून अनवाणी समुद्रावर. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उतरलात तर कुठल्या तरी गल्लीतून वळसा. दोन्हींच्या जाहिरातीत ‘बीचजवळ’ असंच लिहिलेलं असतं. फोनवर एकच प्रश्न: ‘रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला का दुसऱ्या?’ हा प्रश्न विचारला की समोरच्यालाही कळतं, की हा माणूस गाव बघून आलाय.

गणपतीपुळ्यात देवळाजवळ राहायचं की लांब, हे तुम्ही कशासाठी जाताय त्यावर. पहाटेची आरती हवी असेल तर देवळाजवळ. शांतता हवी असेल तर उत्तरेला दोनेक किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं गाव, किंवा दक्षिणेला आरे-वारेच्या रस्त्यावर भंडारपुळे, नेवरे. संकष्टीला आणि विशेषतः अंगारकीला देवळाजवळची खोली घेऊन ‘गर्दी फार होती’ अशी तक्रार करू नये, पंचांग आधी बघावं. तिथल्या समुद्राबद्दलही सांगून ठेवतो. तो दिसायला जितका देखणा तितकाच दगाबाज आहे, दरवर्षी माणसं बुडतात. मुलांना पोहायचंच असेल तर तिथे पूल असलेलं हॉटेल घेणं ही चैन नव्हे.

मालवणकडे तारकर्ली आणि देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. राहायला अप्रतिम. पण आत जायला एकच अरुंद रस्ता, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या की अर्धा तास गेला. सिंधुदुर्ग किल्ला, बाजार आणि मासळीचा लिलाव बघायचा असेल तर मी मालवण गावातच, चिवला किनाऱ्याच्या आसपास राहतो. नुसतं पडून राहायचं असेल तर देवबाग.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे ‘ताजी सुरमई’ म्हणून ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली. किल्ल्याची होडी बंद, पाण्यातले खेळ बंद. हिरवं कोकण मात्र तेव्हाच. अशा वेळी समुद्राकाठच्या खोलीपेक्षा भलीमोठी पडवी असलेलं घर बघा, कारण दिवसातले सहा तास तुम्ही तिथेच बसणार आहात.

घर, एमटीडीसी की रिसॉर्ट

घरगुती निवास म्हणजे बागायतदाराच्या वाडीत बांधलेल्या चार-सहा खोल्या. जेवण घरच्या बायकांच्या हातचं, सकाळी घावन-चटणी नाही तर आंबोळी, दुपारी सोलकढी. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचे. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच राहावं. पण काही गोष्टी समजून घ्या. हे घर आहे, रूम सर्व्हिस नाही. रात्री साडेनऊला जेवायला आलात तर काकू कपाळाला आठ्या घालून का होईना वाढतील, पण आठ्या असतील. दापोलीजवळचं मुरुड, आंजर्ले, गुहागर या बाजूच्या बऱ्याच घरांत जेवण फक्त शाकाहारी. मासे बाहेर जाऊन खायचे, आणि आत आणलेले चालत नाहीत. मालवणात नेमकं उलटं, तिथे शाकाहारी पाहुण्याला आधी सांगून ठेवावं लागतं, नाही तर ‘मग काय खाणार तुम्ही?’ असा खरोखरीचा कळवळा ऐकावा लागतो. दारूबद्दलही आधीच विचारलेलं बरं. आणि गणपतीत यातली बरीच घरं बंद असतात, कारण त्यांच्याकडे त्यांचेच पाहुणे आलेले असतात.

एमटीडीसीची, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं गणपतीपुळे, वेळणेश्वर, तारकर्ली, हरिहरेश्वर इथे आहेत. जागा बहुतेक ठिकाणी हेवा वाटावा अशा, अगदी समुद्रालगत. देखभाल ठिकाणानुसार आणि खोलीनुसार बदलते. बुकिंग महामंडळाच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच करा आणि सुट्टीच्या कितीतरी आधी करा. मी तिथे गेलो की शेजारच्या खोलीतल्या लोकांना विचारतो की कुठल्या नंबरची खोली चांगली, आणि पुढच्या वेळी तिचाच हट्ट धरतो.

रिसॉर्टचं सांगण्यासारखं फारसं नाही. पूल, लॉन, बुफे. मुलं बारा वर्षांखालची असतील तर आईबापांना तिथे दोन तास झोप मिळते, हे मोठं कारण आहे. फक्त तिथे लग्नं आणि कंपन्यांचे ग्रुप येतात, त्याबद्दल पुढे.

नकाशा उघडा, मग रिव्ह्यू

गुगल मॅपवर हॉटेल सापडलं की सॅटेलाइटचं चित्र लावा. खोल्यांपासून वाळूपर्यंत काय आहे ते दिसतं: रस्ता, दुसऱ्याची कुंपण घातलेली वाडी, खडक, की उतार. उतार वरून कळत नाही, म्हणून चित्र तिरकं करून बघा. ही युक्ती माहीत असती तर आईच्या त्या पायऱ्या वाचल्या असत्या. शेजारी पत्र्याची मोठी शेड दिसली तर ते मंगल कार्यालय असू शकतं.

रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही सोडून द्या. पाचवाल्यांत मालकाचे भाचे असतात, एकवाल्यांत ज्यांना पार्किंगवरून राग आलेला असतो ते. तीन आणि चार स्टार देणारा माणूस शांत डोक्याचा असतो. ‘सगळं छान, फक्त सकाळी गरम पाणी दुसऱ्या मजल्यावर पोचत नाही’, असं तोच लिहितो. शोधाच्या चौकटीत ‘पाणी’, ‘वास’, ‘डास’, ‘लाइट’ हे शब्द टाकून बघा. गेल्या तीन-चार महिन्यांतलंच वाचा. कोकणात एक पावसाळा गेला की भिंतीचा रंग आणि हॉटेलचा आचारी, दोन्ही बदललेले असू शकतात. फोटो बघायचेच तर पाहुण्यांनी काढलेले बघा. त्यात बाथरूमचे असतील तर सोन्याहून पिवळं.

फोन करा, आणि नीट करा

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची पायरी ही, आणि लोक नेमकी हीच गाळतात, कारण ॲपवर दोन टिचक्यांत काम होतं. दहा मिनिटांच्या फोनवर जे कळतं ते शंभर रिव्ह्यूंत कळत नाही. दुपारी दोन ते चार सोडून फोन करा. तेव्हा कोकणात फोन उचलणारा झोपलेला असतो, आणि उचलला तरी उत्तरं झोपेतली मिळतात.

गेल्या वर्षीचं माझं एक संभाषण जवळजवळ जसंच्या तसं देतो.

‘नमस्कार काका, पाणी कसं आहे तुमच्याकडे?’

‘भरपूर आहे हो. विहीर आहे, बोअर आहे. काय काळजी करू नका.’

‘गोडं आहे का?’

‘पिण्याचं गोडं.’

‘आणि आंघोळीचं?’

थोडं थांबून, ‘आंघोळीचं जरा मचूळ आहे. पण सवय होते.’

तर पाणी आहे का असं विचारायचं नाही, कसं आहे असं विचारायचं. किनाऱ्यालगतच्या बोअरला खारट पाणी लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात, आणि समुद्रात डुंबून आलेल्या मुलांना पुन्हा खाऱ्याच पाण्याने धुतल्यासारखं होतं. मी काकांकडे तरीही गेलो, कारण ते खरं बोलले. ‘काय काळजी करू नका’ हे वाक्य मात्र उत्तर म्हणून धरायचं नाही. ते आल्यावर तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारायचा.

वीज. वादळी हवेत किनाऱ्याची लाइट जाते आणि कधी बराच वेळ येत नाही. ‘बॅकअप आहे’ याचा अर्थ बहुतेकदा इन्व्हर्टर, ज्यावर एक पंखा आणि एक दिवा चालतो. मे महिन्यात जाणार असाल तर विचारा, ‘जनरेटरवर एसी चालतो का?’ गरम पाणी सोलरचं, गिझरचं की बंबाचं? सोलर असेल तर पावसाळ्यात विसरा. बंब असेल तर किती वाजता पेटवतात ते विचारून ठेवा. आणि कधी बंबाच्या पाण्याने आंघोळ केली नसेल तर करून बघा, त्याच्या धुराच्या वासासकट.

आवाज. ‘आम्ही येतोय त्या तारखांना लग्न किंवा ग्रुप आहे का?’ हे थेट विचारा. एप्रिल-मेच्या मुहूर्तांना रिसॉर्टच्या लॉनवर डीजे लागला की तुमच्या खिडकीच्या काचा थरथरतात, आणि मॅनेजर दिलगिरी व्यक्त करण्यापलीकडे काही करू शकत नाही. ग्रुप असेल तर मागच्या बाजूची खोली मागा.

गाडी. टेंपो ट्रॅव्हलर दारापर्यंत येते का? आंजर्ल्यासारख्या गावांत आतल्या वाटा म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी. सामान हातात घेऊन किती चालायचं, ते आधी कळलेलं बरं.

लग्न न झालेलं जोडपं असाल तर तेही फोनवरच स्पष्ट विचारून घ्या. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहण्याला कायद्याची बंदी नाही, पण घरमालक नाही म्हणू शकतो, आणि तो रात्री आठ वाजता दारात नाही म्हणाला तर दुसरं हॉटेल शोधणं कठीण.

शेवटी विचारायचा एक प्रश्न: ‘तुमच्याकडची कुठली खोली तुम्ही आम्हाला देऊ नये?’ बहुतेक जण हसतात आणि सांगून टाकतात. पाण्याच्या टाकीखालची असते, नाही तर स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळची.

फोन झाला की एक काम मालकाला न विचारता करायचं: तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, गावागणिक. आता तुम्हाला संध्याकाळी पाच ते सात किनाऱ्यावर हिंडायचं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे संध्याकाळी ओहोटी, लांबरुंद ओली वाळू, क्रिकेटसुद्धा खेळा. अष्टमीच्या आगेमागे गेलात तर त्याच वेळी पाणी वरपर्यंत आलेलं. किनारा अरुंद असलेल्या ठिकाणी तर चालायला वाळूच उरत नाही, आणि ‘बीच-टच’ हॉटेलचे जादा पैसे देऊन तुम्ही पायरीवर बसून राहता.

पैशांचं

घरगुती निवासात दर बहुधा माणशी असतो, जेवणासकट. हॉटेलात दर खोलीमागे. दोन्हींची तुलना करायची तर कागद घ्या. समजा दोन मोठी माणसं, एक आजी आणि एक आठ वर्षांचा मुलगा. हॉटेलची खोली ३,०००, जादा गादी ७००, वर ५ टक्के जीएसटी, झाले ३,८८५. घरगुती निवासात माणशी १,७०० आणि मुलाचे निम्मे, झाले ५,९५०. महाग वाटलं? पण दुसऱ्यात दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण आणि नाष्टा धरलेला आहे. चौघांनी बाहेर दोन वेळा मासळीच्या थाळ्या खाल्ल्या की फरक बराचसा भरून निघतो. मुलाला निम्मा दर कितव्या वर्षापर्यंत, आणि पहिलं जेवण दुपारचं की रात्रीचं, हे विचारायला विसरू नका.

जीएसटीची एक गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ७,४०० ची खोली कर धरून ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात फरक दोनशेचा, खिशात जवळजवळ बाराशेचा. दर या रेषेजवळ असेल तर घासाघीस करायला याहून चांगलं कारण मिळणार नाही. आणि कर लावणाऱ्याच्या बिलावर जीएसटी नंबर हवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या निवासांना नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याने कर घ्यायचा नसतो.

जेवणाच्या बिलात ‘सेवा शुल्क’ आपोआप जोडलेलं दिसलं तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच ते सक्तीने लावायला मनाई केली आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाढणाऱ्या मुलाच्या हातात वेगळे पैसे द्यायला कुणाची ना नाही.

आगाऊ रक्कम तिसरा हिस्सा, फार तर निम्मी. पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याला मी नम्रपणे नाही म्हणतो. नकाशावर हॉटेलच्या नावाखाली भलत्याचाच नंबर टाकून आगाऊ रक्कम उकळणारे भामटे आहेत, म्हणून यूपीआयने पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचा, ते मालकाच्या किंवा हॉटेलच्या नावाशी जुळतं का बघा. शंका आली तर व्हिडिओ कॉल करून ‘जरा वाडी दाखवा ना’ म्हणा. खरा मालक हौसेने दाखवतो, म्हैस असेल तर म्हैससुद्धा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

ठरलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका आणि त्यावर ‘हो’ घ्या: तारीख, किती रात्री, किती खोल्या, एसी की साधी, तळमजला, कोणती जेवणं, किती रक्कम दिली, रद्द केलं तर किती परत. ‘२४ ते २६’ असं लिहू नका. ‘२४ आणि २५ अशा दोन रात्री, २६ ला सकाळी निघणार’ असं लिहा. निम्मे वाद या एका ओळीने मिटतात.

पोचल्यावर

सामान गाडीतच ठेवा आणि एकट्याने खोली बघून या. नळ सोडा, फ्लश ओढा, एसी लावा, कडी घाला. गादीचा कोपरा उचलून शिवणीत काळे ठिपके दिसतात का बघा, असतील तर ढेकूण आहेत, दुसरी खोली मागा. कुबट वास येत असेल तर खिडक्या उघडून दहा मिनिटं थांबा. तरी गेला नाही तर तो जाणार नाही. हे सगळं दुपारी केलं तर खोली बदलून मिळते. रात्री दहाला, मुलं झोपल्यावर, कुणी बदलत नाही आणि आपल्यालाही नको वाटतं.

ओळखपत्र सगळ्या मोठ्या माणसांचं लागतं. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार देतो. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून उतरवून घेता येतं. वहीत मोबाइल नंबर लिहिताना शेजारच्या पानावरचे सगळ्यांचे नंबर दिसतातच, त्याला इलाज नाही.

काही बिनसलं तर आधी मालकाशी बोला, लगेच, आणि चिडून नव्हे. घरगुती ठिकाणी तर ‘काकू, आज आमटी जरा तिखट झाली, मुलाला खाववेना’ एवढं म्हटलं तरी पाच मिनिटांत मऊ भात, तूप, मेतकूट पुढ्यात येतं. गप्प बसून घरी गेल्यावर एक स्टार देणं हा कुणाच्याच फायद्याचा प्रकार नाही.

बऱ्याच ठिकाणी दहा वाजता खोली सोडायची असते आणि परतीची गाडी संध्याकाळची असते. सामान ठेवायला आणि शेवटची आंघोळ करायला एखादी खोली मिळेल का, ते आदल्या रात्री विचारा, सकाळी नको. निघताना पैसे चुकते केले, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेतलं, की मी मोबाइलमध्ये एक नोंद करतो. मागच्या खेपेची अशी आहे: ‘खोली ३ घ्यायची. ४ नको, टाकी वरच आहे. पाणी मचूळ, साबण घरचा नेऊ नये, फेस येत नाही. कोंबडा पहाटे चारला. आईला आवडलं.’